रजिस्टर काकींच्या हातात

त्या दिवशी टपालाच्या थैलीत एकच रजिस्टर पत्र निघालं.

शनिवार, ३० ऑगस्ट २०२५. गणपतीचा चौथा दिवस, आणि उद्या गौरी यायच्या. संगमेश्वर तालुक्यातलं आमचं गाव एरवी म्हाताऱ्यांचं. त्या आठवड्यात मात्र एकेका घरात वीस-वीस माणसं, वाटेवर मुंबईच्या गाड्या, रात्री जाखडीची ढोलकी. टपालाची थैली आणणारी एस.टी.सुद्धा चाकरमान्यांनी खच्चून भरलेली, म्हणून दीड तास उशिरा. ज्याच्या त्याच्या ओटीवर आझाद मैदानातल्या मराठा आरक्षण आंदोलनाची चर्चा. माझ्या डोक्यात वेगळीच बातमी होती. १ सप्टेंबरपासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन होणार होतं. ३१ला रविवार. म्हणजे माझ्या पोस्टात रजिस्टर घ्यायचा हा शेवटचा दिवस.

मी शाखा डाकपाल. गावासाठी नुसता मास्तर. पोस्ट म्हणजे माझ्याच घराची पडवी. एक टेबल, तारखेचा शिक्का, वजनकाटा आणि खात्याचा मोबाइल. वाटपाला जाणारा सहायक सणाच्या रजेवर होता, त्यामुळे वाटपही माझ्याकडेच.

पाकिटावर काकींचं नाव होतं. वरच्या वाडीत सगळी घरं एकाच आडनावाची. त्यात काकींच्या नावाच्या तीन बायका, आणि दोघींच्या नवऱ्यांची नावंसुद्धा सारखी. १९७२ साली पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, त्यांच्याविषयी मला फार आदर आहे. पण एका पिनवर आमच्यासारखी कितीतरी शाखा पोस्टं असतात. ते सहा आकडे टपाल आमच्या भागापर्यंत आणतात. तिथून पुढे कुणाचं लग्न कुठल्या घरात झालं, कोण कुणाची जाऊ, कोण हयात आहे, हे ज्याला माहीत त्यालाच माणूस सापडतो.

काकींचं नाव वाचलं आणि मला १९८२ आठवलं. तेव्हा मी नऊ वर्षांचा. माझे बाबा आणि काकींचे यजमान परळला एकाच गिरणीत कामाला, एकाच खोलीत राहायला. दर महिन्याला दोन्ही घरी मनीऑर्डर यायची. खालच्या तुकड्यावर बाबांच्या हातचे चार शब्द असायचे: खुशाल आहे, पोरांना जपा. आई पैसे डब्यात ठेवायची आणि तो तुकडा देवघरात. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि फेब्रुवारीपासून मनीऑर्डर आली नाही. आमचे पोस्टमन तात्या रोज आमच्या अंगणावरून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढायचे. त्या उन्हाळ्यात ते पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने, लांबच्या वाटेने वर जायला लागले. मला वाटायचं, तात्या आमच्यावर रागावले. आई म्हणाली, "रागावले नाय रे. हात रिकामे हायत त्यांचे." पुढे मी या नोकरीत आलो, आणि कुणाच्या अंगणातून काही न देता जाणं किती जड असतं ते मला कळलं.

पाखाडीला शेवाळ धरलेलं, हातात छत्री, खांद्याला पिशवी. काकींच्या अंगणात पोचलो तर ओटीवर पत्ते रंगलेले. आत मंडपीखाली गणपती, चुलीवर घावण्यांची तयारी. काकींचा पुतण्या उठून पुढे आला. चांगला मुलगा, लहानपणापासून माझ्या ओळखीचा. म्हणाला, "मास्तर, द्या इकडे. काकी मळ्यात गेलीये, मी करतो सही."

स्पीड पोस्ट असतं तर दिलं असतं. ते पत्त्यावर पोचतं; घरातल्या जाणत्या माणसाने घेतलं तरी चालतं. रजिस्टर ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात द्यायचं, नाहीतर त्याने लेखी नेमलेल्या माणसाच्या. मी तसं सांगितलं. तो हसला. "अहो, आजपासून बंदच झालं ना ते? बातमीत वाचलं मी."

"सोमवारपासून," मी म्हटलं. "आणि हे आधीच निघालेलं आहे."

त्याच्या मनात काय होतं मला ठाऊक नाही. काही वाईट असेल असंही मी म्हणत नाही. घरचा कागद आपण घ्यावा, म्हातारीला कशाला त्रास, असं कुणालाही वाटेल. पण तो पुन्हा पुन्हा हात पुढे करत होता, आणि मला ते पाकीट पिशवीतून बाहेर काढवेना. सूचना लिहून ठेवावी आणि सोमवारी पुन्हा यावं, हेही नियमातच बसत होतं. सात दिवस आम्ही रजिस्टर ठेवून घेऊ शकत होतो. पण सोमवारी गौरीपूजन, म्हणजे घरात आजच्याहून गर्दी. मी मळ्याकडे उतरलो.

काकी दगडी गडग्याच्या पलीकडे तेरडा काढत होत्या, उद्याच्या गौरीसाठी. पदर डोक्यावरून घेतलेला, वर इरल्यासारखं प्लास्टिक, कमरेत वाकलेल्या. वय ऐंशीच्या पुढे.

"कोन रं? मास्तर? हिकडं कुठं चिखलात?"

"काकी, तुमच्या नावाचं रजिस्टर आहे."

त्या हातातला तेरडा धरूनच उभ्या राहिल्या. "माज्या नावाचं? की ह्यांच्या?"

"तुमच्या."

यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. नंतरही टपाल त्यांच्याच नावाने यायचं, किंवा दिराच्या. खुद्द काकींच्या नावाचं माझ्या हातून कधी गेलेलं मला आठवत नाही. त्यांनी हात पऱ्यात धुतले, पदराला पुसले आणि गडग्यावर पोचपावती ठेवून सही केली. एकेक अक्षर सुटं, रेघ सोडून वर चढलेलं. साक्षरतेच्या वर्गात शिकल्या होत्या. मी अंगठ्यासाठी शाईची डबी काढून ठेवली होती, ती गुपचूप पिशवीत टाकली.

मग म्हणाल्या, "आता वाच."

टपालातला मजकूर आम्ही बाहेर सांगत नाही. इथे लिहितोय ते काकींच्या परवानगीने, आणि नाव येणार नाही या अटीवर. ती फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या नोंदीतली नावं बदलण्याची, नोटीस होती. सामायिक जमिनीतला हिस्सा, वारस म्हणून काकींचं नाव, आणि हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवा. मी सावकाश वाचलं, त्यांनी दोनदा वाचायला लावलं. "म्हणजे मी काय नाय बोल्ले तर?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तर हरकत नाही असं धरतील." नीट पत्ता लिहून रजिस्टरने पाठवलेला कागद, उलट सिद्ध होत नाही तोवर, पोचला असंच कायदा मानतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस कायद्याचं २७ वं कलम आहे तसं. म्हणून तो कागद खरोखर कुणाच्या हातात पडला याला एवढं मोल. पुतण्याने सही केली असती आणि सणाच्या गडबडीत पाकीट फळीवर राहिलं असतं, तर काकींना पंधरा दिवस कधी सुरू झाले आणि कधी संपले हे कळलंच नसतं.

काकी काही बोलल्या नाहीत. नोटीस घडी करून पोलक्यात ठेवली आणि पुन्हा तेरडा काढायला वाकल्या. मी निघालो तेव्हा मागून म्हणाल्या, "तुजं पोस्ट कितीपर्यंत उघडं?"

एक गोष्ट मध्येच सांगून ठेवतो, कारण त्यानंतर बऱ्याच जणांनी मला विचारलं. रजिस्टरचा गुण पुरता गेलेला नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टावर पाच रुपये आणि कर जास्त भरला की ते फक्त नावाच्या माणसाला, नाहीतर त्याने नेमलेल्या माणसालाच दिलं जातं. पण ते पाठवणाऱ्याने मागून घ्यावं लागतं. गावाकडे एकट्या राहणाऱ्या आई-आजीला कामाचा कागद पाठवत असाल तर मागा. पूर्वी रजिस्टर म्हटलं की ते आपोआप व्हायचं, आणि सव्वीस रुपयांत व्हायचं. त्या ऑक्टोबरपासून बाहेरगावच्या हलक्या स्पीडचेच सत्तेचाळीस आणि कर, वर हे. गावात तीस-पस्तीस रुपयांचा फरक हा फरकच असतो.

दुपारी हिशेब मिटवत होतो तेवढ्यात काकींची नात आली, मुंबईला कॉलेजात शिकणारी. हातात पाकीट. गोठ्याच्या बाजूला बसून आजीने सांगितलं आणि तिने लिहिलं होतं. प्रेषकाच्या जागी काकींचं पूर्ण नाव, माहेरच्या नावासकट. "माहेरचं नाव नसतं लिहायचं," मी म्हटलं. ती म्हणाली, "मी सांगितलं. आजी म्हणाली, ऱ्हाऊ दे, मीच हाय हे कळाया पायजे."

तालुक्याच्या कचेरीचं गाव तीस किलोमीटरवर. सोमवारी स्वतः नेऊन दे, असं सांगणार होतो. पण काकींना पोच हवी होती, हातात धरता येईल अशी. वजन केलं, मोबाइलवर नोंद घातली, आर. एम. या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाची चिकटपट्टी लावली, पोचपावती जोडली. नातीने रुमालाची गाठ सोडून तीस रुपये काढले. आजीनेच बांधून दिले होते. शिक्का मारताना मी तारीख पुन्हा तपासली. आमच्या पोस्टातलं ते शेवटचं रजिस्टर. त्या पट्ट्यांच्या गुंडाळीत अजून बऱ्याच उरल्या होत्या.

पोचपावती अकरा दिवसांनी आली. तोवर अनंत चतुर्दशी होऊन गेली होती, चाकरमानी परतले होते, वाडीत पुन्हा तीन-चार घरांतच धूर दिसत होता. साधं कार्ड, ओटीवर टाकलं असतं तरी चाललं असतं. मी आमच्या अंगणावरून सरळ पाखाडी चढलो. काकी पडवीत एकट्याच वाल सोलत बसल्या होत्या. कार्ड मी त्यांच्या हातात दिलं.