वरची पट्टी काढून टाक

पुढाऱ्याचा फ्लेक्स कसा बनतो हे तो बनवणाऱ्यालाच नीट माहीत असतं. मधोमध हात जोडलेले भाऊ, बाजूला त्यांचे जिल्ह्यातले नेते, खाली टिकलीएवढ्या गोलांत पंधरा-वीस शुभेच्छुक आणि सगळ्यात वर एक आडवी पट्टी. त्या पट्टीत दिल्ली असते. तिच्यात कोण आधी, कोण नंतर, कुणाचा चेहरा किती मोठा, यावरून आमच्या काउंटरवर गचांडी धरण्यापर्यंत वेळ गेलेली आहे. मी अंबडला फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर आहे. प्रत्येक पक्षाची पट्टी कोरलमध्ये, म्हणजे आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, ग्रुप करून ठेवलेली असते. ऑर्डर आली की उचलायची आणि बसवायची. ती पट्टी काढून टाक, असं मला पहिल्यांदा सांगितलं गेलं ते २६ ऑक्टोबर २०२३ ला.

दसरा होऊन दोन दिवस झाले होते, दिवाळी तोंडावर आलेली. आमच्या धंद्याची हीच सुगी. दिवाळीच्या शुभेच्छांचे फ्लेक्स छापून, कडेला आयलेट मारून, गुंडाळ्या करून भिंतीशी उभे होते. न्यायला कुणी येत नव्हतं.

कारण वीसेक किलोमीटरवर अंतरवाली सराटीत आदल्याच दिवशी मनोज जरांगे मराठा आरक्षणासाठी पुन्हा उपोषणाला बसले होते. हे गाव आमच्याच तालुक्यातलं. १ सप्टेंबरला तिथं पोलिसांचा लाठीमार झाला आणि ज्या गावाचं नाव तालुक्याबाहेर कुणी घेत नव्हतं तिथं मुंबईच्या गाड्यांची रांग लागली. १४ ऑक्टोबरच्या सभेला तर अंबडचे रस्ते सकाळपासून भगवे झाले होते. त्या आठवड्यात आमची मशीन रात्रीही थांबली नव्हती.

२६ ला सकाळी दुकान उघडलं आणि हेल्परनं मोबाइल पुढं केला. मुंबईत परळला, मराठा आरक्षणाविरुद्ध कोर्टात लढलेल्या ॲड. गुणरत्न सदावर्तेंच्या घराखाली उभ्या गाड्या काही पोरं फोडत होती आणि तोंडानं ओरडत होती, ‘एक मराठा, लाख मराठा’. अटक झालेल्यांत फुलंब्री तालुक्यातला एक तरुण सरपंच होता, मंगेश साबळे. तो व्हिडिओ दिवसभर ज्याच्या त्याच्या हातात फिरत होता. मला मात्र काचा फुटण्यापेक्षा ते ओरडणंच जास्त खटकलं.

खटकलं, कारण ही घोषणा मी पहिल्यांदा कापली तेव्हा ती ओरडायची नव्हती. २०१६ ला मी औरंगाबादला एका रेडियमच्या दुकानात शिकत होतो. नगर जिल्ह्यात कोपर्डीला शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर ९ ऑगस्टला औरंगाबादलाच पहिला मूक मोर्चा निघाला. आचारसंहिता कडक होती: घोषणा नाहीत, भाषणं नाहीत, पोरी पुढं, पुढारी सगळ्यात मागं, निवेदन मुलींनीच द्यायचं, जाताना रस्ता झाडून जायचं. तोंड बंद म्हटल्यावर सगळं बोलणं टी-शर्टवर, झेंड्यावर, डीपीवर आणि गाडीच्या मागच्या काचेवर आलं. काचेवरचं आमच्याकडं. कापायला इतकी सोपी ओळ मी दुसरी पाहिलेली नाही. जोडाक्षर नाही, रफार नाही, टिंब नाही, शिरोरेघेला धरून प्रत्येक शब्द अख्खा उचलला जातो. ‘मोर्चा’ कापायला घ्या, रफार हमखास टेपवरच राहतो. घोषणा गाजायला हे कारण पुरेसं नाही हे मलाही कळतं, पण एक पोरगं दिवसभरात शेकडो काचांवर ती लावू शकत होतं ते यामुळंच. पुढच्या वर्षी, ९ ऑगस्ट २०१७ ला मोर्चा मुंबईत गेला तोवर राज्यातली अशी एक पार्किंग नसेल जिथं ती नव्हती.

आणखी एक. त्या ओळीत मागणीच नाही. आरक्षण नाही, पक्ष नाही, नेता नाही. मागण्या बदलत गेल्या, ओळ तीच राहिली. २०१८ ला सोळा टक्क्यांचा कायदा झाला, हायकोर्टानं तो शिक्षणात बारा आणि नोकरीत तेरावर आणला, ५ मे २०२१ ला सुप्रीम कोर्टानं रद्दच केला. मागास कोण ते राज्यांनी ठरवायचं नाही, असाही त्या निकालाचा अर्थ निघाला. मग त्याच ऑगस्टमध्ये संसदेनं १०५ वी घटनादुरुस्ती केली आणि तो अधिकार राज्यांना परत दिला. दोन्ही सभागृहांत विरोधात एकही मत पडलं नाही. एकूण आरक्षणावरची पन्नास टक्क्यांची मर्यादा मात्र जागेवर राहिली. म्हणजे किल्ली मुंबईत नाही, दिल्लीत आहे, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं.

असो. सकाळी अकराच्या सुमाराला एका गावची चार-पाच पोरं आली.

“दादा, बोर्ड करायचाय. सहा बाय चार. फोटो नको कुणाचा.”

“कुणाचाच?”

“महाराजांचा टाक. बाकी एक बी नको.”

मजकूर त्यांनी कागदावर आणला होता. ‘आरक्षण मिळेपर्यंत सर्वपक्षीय पुढाऱ्यांना गावात प्रवेशबंदी’, आणि खाली मोठ्या अक्षरात ती ओळ. मी सवयीनं विचारलं, शुभेच्छुक कोण टाकू? पोरं हसायला लागली. त्यातला एक, जो बोलत होता, तो मला ओळखीचा होता. दसऱ्याआधी भाऊंच्या शुभेच्छांचा फ्लेक्स न्यायला तोच आला होता. गावातल्या बूथचा भाऊंचा कार्यकर्ता. त्याला तसं म्हटलं तर म्हणाला, “तो काढला कालच. सोयाबीनच्या गंजीवर झाकलाय. बरा आहे, पाणी आत जात नाही.”

दुपारपर्यंत तसल्याच ऑर्डरी. एका गावाचा मजकूर दुसऱ्या गावाला व्हॉट्सॲपवर गेलेला असायचा, मी फक्त गावाचं नाव बदलत होतो. फोटोच नसल्यानं काम झटक्यात व्हायचं. अण्णा, आमचे मालक, काउंटरवरून एवढंच म्हणत होते, “आधी पैसे घे.”

मग भाऊंच्या पीएचा फोन आला.

“दिवाळीचा छापला का?”

“दोन छापले, तीन राहिलेत.”

“राहिलेले थांबव. वरची पट्टी काढून टाक.”

मला वाटलं क्रम बदलायचा असेल. तर नाही, अख्खी पट्टी. चिन्हाचं विचारलं तर ‘ते बी काढ’. पक्षाचा रंग? ‘भगवा कर नुसता’.

“मग राहिलं काय साहेब?”

“भाऊ राहिले ना. खाली ठसठशीत एक मराठा लाख मराठा टाक.”

मी पट्टीवर क्लिक केलं आणि डिलीट दाबलं. वर रिकामी जागा राहिली, तिथं पणत्या टाकल्या. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या पक्षाच्या एकाचाही तोच निरोप आला. मी एवढी वर्षं ही फाइल करतोय. दिल्लीतला चेहरा आपल्या फ्लेक्सवर असणं गावात अडचणीचं ठरतंय, असं त्याआधी कुणी म्हणालं नव्हतं.

त्याच दुपारी पंतप्रधान शिर्डीत होते. निळवंड्याच्या कालव्याचा कार्यक्रम, शेतकऱ्यांसाठी राज्याच्या नव्या निधीची सुरुवात. बोर्डाची वाट बघत बसलेल्या पोरांनी मोबाइल मशीनच्या कडेला टेकवला. मशीन घरघरतीये, सॉल्व्हंटचा वास भरलाय आणि सात-आठ जण वाकून बघतायत. कुणाला भाषणाचं कौतुक नव्हतं. एका वाक्याची वाट होती. “आता काढतील विषय,” एक म्हणायचा. निळवंडे झालं, शेतकऱ्यांचे पैसे झाले, शरद पवारांनी कृषिमंत्री असताना काय केलं हा सवालही झाला. “आता बघ.” भाषण संपलं.

थोडा वेळ कुणी काही बोललं नाही. मग तो सोयाबीनवाला म्हणाला, “कामून नसन घेतलं नाव?” त्याला उत्तर कुणी दिलं नाही. तो माझ्याकडं वळला. “दादा, सहा बाय चार राहू दे. दहा बाय आठ कर. हायवेवरून दिसला पाहिजे.”

राजकारणावर टीव्हीवर तासन्तास बोलणारे लोक असतात. आमच्याकडं ते चौरस फुटांत कळतं.

तीन आठवड्यांनी, १७ नोव्हेंबरला अंबडमध्येच ओबीसींची एल्गार सभा झाली. तिचे फ्लेक्सही आमच्याच मशीनवर निघाले. नेत्यांचे मोठे फोटो, पिवळा रंग. त्या व्यासपीठावरून छगन भुजबळांनी गावबंदीच्या फलकांवर सडकून टीका केली. ते तेव्हा राज्यात मंत्री होते, म्हणजे ज्या सरकारनं आरक्षणावर बोलणी चालवली होती त्यातलेच. मी गर्दीच्या कडेला उभा होतो. आपल्या कामाची इतकी जाहीर दखल घेतली जाईल असं वाटलं नव्हतं. तेव्हापासून दुकानात एक नवा प्रकार सुरू झाला: गिऱ्हाईक साइज सांगायच्या आधी माझं आडनाव विचारतं. मी साळी. दोन्ही बाजूंना थोडा वेळ विचार करावा लागतो.

लोकसभेला १३ मे २०२४ ला आमचं मतदान झालं. १९९९ पासून न हरलेले, केंद्रात रेल्वे राज्यमंत्री असलेले रावसाहेब दानवे एक लाखावर मतांनी पडले. इथं बाहेरच्या लोकांची गफलत होते. दानवेही मराठाच आणि जिंकलेले काँग्रेसचे कल्याण काळेही मराठाच. जातवाल्यानं जातवाल्याला पाडलं. तो गाड्या फोडणारा सरपंच अपक्ष उभा होता, त्यानं दीड लाखावर मतं घेतली. मराठवाड्यातल्या आठ जागांपैकी भाजपला एकही मिळाली नाही, राज्यात तेवीसच्या नऊ झाल्या. देशात ते ३०३ वरून २४० वर आले. बहुमताला २७२ लागतात, म्हणजे त्या गेलेल्या जागांत आमच्याकडच्याही होत्या. सगळं या एका ओळीनं झालं असं मी म्हणणार नाही. सोयाबीनला भाव नव्हता, कापसाचीही तीच गत, आणि ‘चारसौ पार’ ही त्यांची स्वतःची घोषणा उलटली. घटना बदलायलाच इतक्या जागा पाहिजेत, असं वस्तीवस्तीत बोललं गेलं. काँग्रेसनं तर पन्नास टक्क्यांची मर्यादा वाढवू असं जाहीरनाम्यातच लिहिलं होतं.

पण सहाच महिन्यांत विधानसभेला उलटं झालं. जरांगेंनी उमेदवार देण्याचं ठरवलं आणि अर्ज मागं घ्यायच्या दिवशी माघार घेतली. महायुतीला दोनशे तीसच्या वर जागा, मराठवाड्यातही बहुतेक त्यांच्याच. लाडक्या बहिणीचे पैसे खात्यात पडले होते, आणि ओबीसी मतं गुपचूप एका जागी गेली होती. वरची पट्टी सगळ्या फायलींत परत आली.

निकालानंतर तो सोयाबीनवाला आला होता. असं कसं झालं म्हणून मी विचारलं. “पाडायचं असलं की सगळे एक असतेत,” तो म्हणाला, “निवडायचं म्हटलं की जो तो आपल्या गावचा.” मग त्यानं खिशातून पासपोर्ट साइजचा फोटो काढला. झेडपीच्या निवडणुका लागतील तेव्हा लागतील, पण तयारी आत्तापासून पाहिजे. दहा बाय पाच, फोटो मधोमध, शुभेच्छुकांत सगळ्या वाड्या-वस्त्यांची नावं.

मी मजकूर टाइप करून स्क्रीन त्याच्याकडं फिरवली.

“खाली एक मराठा लाख मराठा टाकू ना?”

त्यानं दाराकडं बघितलं. “नको,” म्हणाला, “गटात माळी-धनगरांची मतं लई हायेत.”