जुना स्नो ब्लोअर : रोख घ्यावा की अदलाबदलीने?

आमच्या फ्रिजवर अजूनही एक पिवळी पावती चुंबकाखाली लटकते आहे. ती आमच्या लहान स्नो ब्लोअरची, म्हणजे बर्फ ओढून दूर फेकणाऱ्या यंत्राची. तिच्यावर १२ ऑक्टोबर ही तारीख, ‘मूल्यांकनासाठी’ असा शेरा आणि कोणाची तरी गिचमिड सही आहे. पत्नीने ती दोनदा फेकायला काढली आणि मी दोन्ही वेळा परत लावली, कारण त्या कागदाने माझे जवळजवळ सहा आठवडे खाल्ले.

अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराच्या दक्षिणेकडील एका उपनगरात आम्ही गेल्या उन्हाळ्यात घर घेतले. इथला हिमवर्षाव सर्वत्र सारखा होत नाही. ईरी सरोवराच्या अजून न गोठलेल्या पाण्यावरून थंड वारा वाहत येतो, वाफ उचलतो आणि एका अरुंद पट्ट्यात सगळा बर्फ ओततो; त्यामुळे विमानतळावर जेमतेम पांढरी चादर असते, तेव्हा आमच्याकडे कमरेइतका ढीग असू शकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये जवळच्या ऑर्चर्ड पार्क भागात सहा फुटांहून अधिक बर्फ पडला होता. हे सरोवर उथळ असल्याने भर हिवाळ्यात बरेचसे गोठते आणि मग हा जोर ओसरतो, म्हणजे खरा धोका हिवाळ्याच्या सुरुवातीलाच. ऑक्टोबरमध्ये वाया गेलेला एकेक दिवस मला का बोचत होता, हे यावरून ध्यानात यावे.

घराच्या आधीच्या मालकाने गॅरेजमध्ये एक लहान, सिंगल-स्टेज स्नो ब्लोअर ठेवून दिला होता. या प्रकारात पुढचे रबरी पाते जमिनीला घासत बर्फ ओढते आणि तेच तो बाहेर फेकते. चार-सहा इंच भुसभुशीत बर्फासाठी ते पुरेसे असते. परंतु नगरपालिकेचा प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला सारणारी गाडी, रस्ता साफ करताना आपल्या ड्राइव्हवेच्या (रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या वाटेच्या) तोंडाशी जो ओला, दगडासारखा बांध घालून जातो, त्याच्यापुढे ते हात टेकते. त्यासाठी टू-स्टेज यंत्र लागते, ज्यात लोखंडी ऑगर, म्हणजे मळसूत्री पाते, बर्फ फोडून आत ओढतो आणि मागचा पंख्यासारखा इम्पेलर तो वरच्या धुराड्यासारख्या नळीतून दूर भिरकावतो. नव्याची किंमत हजार डॉलरच्या वर असल्याने आमचा विचार जुन्यावरच स्थिरावला. प्रश्न एवढाच होता, की जुना रोखीने घ्यावा की आपला लहान देऊन वर काही रक्कम टाकावी.

मला अदलाबदल शहाणपणाची वाटली आणि तिथेच मी फसलो. एका दुरुस्तीच्या दुकानात वापरलेली यंत्रे विक्रीला होती. ‘तुमचे यंत्र ठेवून जा, मेकॅनिक पाहील आणि दोन दिवसांत किंमत सांगू,’ असे काउंटरवरच्या बाईंनी सांगितले. मी पिवळी पावती घेऊन समाधानाने घरी आलो. दोन दिवसांनी फोन केला, तर मेकॅनिक सुट्टीवर. पुढच्या आठवड्यात तो परतला होता; पण आता गावातला प्रत्येक जण हिवाळ्याआधीच्या तपासणीसाठी आपापली यंत्रे घेऊन आला होता आणि पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांच्या कामापुढे माझे मूल्यांकन कोण करणार? तिसऱ्या आठवड्यात मी स्वतः गेलो. माझा ब्लोअर मागच्या अंगणात ताडपत्रीखाली चाळीसेक यंत्रांच्या रांगेत उभा होता आणि त्याच्या दांड्याला बांधलेल्या चिठ्ठीवर काहीही लिहिलेले नव्हते. मी तो परत मागितला. त्यावर, ‘आता पुढचा नंबर तुमचाच आहे,’ असे इतक्या आर्जवाने सांगण्यात आले की मी भिडेखातर गप्प बसलो. सांगलीत आमच्या वडिलांनी असल्या ‘पुढच्या नंबरा’वर कधीच विश्वास ठेवला नसता.

नोव्हेंबरच्या मध्यावर पहिला मोठा बर्फ पडला, चौदा इंच. मी आणि पत्नीने दोन फावड्यांनी तीन तास ड्राइव्हवे उपसला. दुपारी कंबर शेकत बसलो असताना दुकानाचा फोन आला. कार्ब्युरेटरमध्ये जुने पेट्रोल चिकटून बसले आहे, म्हणून अदलाबदलीत चाळीस डॉलर मिळतील. मात्र तपासणीचे शुल्क पासष्ट डॉलर आहे. म्हणजे माझे यंत्र त्यांना देऊन वर पंचवीस डॉलर मीच भरायचे! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हे शुल्क पावतीच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत छापलेले होते. तेव्हा कोणाकडेही यंत्र ठेवण्यापूर्वी पावती उलटून पाहावी, आणि सौदा मोडला तर किती आकारणार हे समोरच्याकडून लिहून घ्यावे.

याच सुमारास मागच्या गल्लीतले एक आजोबा भेटले. त्यांच्याकडे एरियन्स कंपनीचा चोवीस इंची, नारिंगी टू-स्टेज ब्लोअर होता, पण हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर शंभरेक किलोचे ते धूड त्यांना वळवता येत नव्हते. त्यांना हलके यंत्र हवे होते. मला हवे ते त्यांच्याकडे आणि त्यांना हवे ते माझ्याकडे होते, फक्त माझे दुकानात ओलीस पडले होते. मी दुकानात गेलो, पासष्ट डॉलर भरले आणि एक शब्दही न बोलता यंत्र सोडवून आणले. वीस डॉलरचा नवा कार्ब्युरेटर मी एका संध्याकाळी स्वतः बसवला आणि तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झाले. मेकॅनिकला सहा आठवडे न जमलेले काम चाळीस मिनिटांत झाले, हे इथे मुद्दाम नोंदवतो.

आजोबांच्या यंत्राची तपासणी मात्र मी घाई न करता केली. पोहोचल्याबरोबर इंजिनवर तळहात ठेवला. ते गार हवे. आधीच गरम करून ठेवलेले असेल, तर थंडीत ते कसे सुरू होते हे आपल्याला कळतच नाही. चालू झाल्यावर सर्वांत हळू गिअरमध्ये टाकून दांडा किंचित मागे ओढून धरला. चाके फिरायची थांबली तर त्यांना गती देणाऱ्या आतल्या घर्षणचाकाचे रबर गेले असे समजावे. मग इंजिन बंद करून, स्पार्क प्लगची वायर काढून ऑगर पाहिला. त्याला आतल्या फिरत्या आसाशी जोडणाऱ्या शिअर पिना मुद्दाम कच्च्या असतात. दगड अडकला की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. इथे एका बाजूला पिनेऐवजी साधा पक्का बोल्ट ठोकलेला होता. तो काढल्यावर ऑगर आसावर हाताने मोकळा फिरला, म्हणून मी निःश्वास सोडला. गंजून आसाला चिकटला असता, तर नव्या पिनांचाही काही उपयोग नव्हता. इंजिन टेकमसे कंपनीचे होते. त्या कंपनीने ही इंजिने बनवणे २००८च्या सुमारास बंद केले, हे मी आजोबांना नम्रपणे सुचवले आणि त्यांनी हसून पन्नास डॉलर कमी केले.

अखेर माझे लहान यंत्र आणि वर अडीचशे डॉलर असा सौदा ठरला. आमची कोरोला ते वाहून नेणार नव्हती, पण यंत्राला स्वतःची चाल होती. त्यामुळे अंधार पडता पडता मी ते रस्त्याच्या कडेने, पहिल्या गिअरमध्ये, तट्टू हाकावे तसे चालवत घरी आणले. शेजाऱ्यांनी खिडकीतून हात केले.

एक गोष्ट सांगायची राहिली. धुराड्यात बर्फ अडकला तर इंजिन बंद केल्यावरही आत हात घालू नये. इम्पेलर फिरवणाऱ्या पट्ट्यात (बेल्टमध्ये) साठलेल्या ताणाने तो झटका देऊ शकतो. आजोबांनी त्यासाठी लाकडी काठी दिली आहे आणि ती दांड्याला सुतळीने बांधलेली आहे. बोल्टच्या जागी आता खऱ्या पिना आहेत आणि चार जादा पिना, पिवळ्या पावतीशेजारीच, फ्रिजवर एका पुडीत आहेत.