वेल्सची घरपट्टी आणि मोहगावची शाळा

मार्च महिन्यात आमच्या घरी कौन्सिल टॅक्सचं बिल येतं. कौन्सिल टॅक्स म्हणजे आपली घरपट्टीच, फक्त आकडा बघितला की आधी खुर्ची शोधावी लागते. बिल दोन भाषांत असतं, वेल्श आणि इंग्रजी. मी आणि बायको इंग्रजीतला आकडा बघून उसासा टाकतो. शेजारच्या आजी मात्र इंग्रजी बाजूकडे ढुंकूनही पाहत नाहीत. "त्या कागदासाठी लोकांनी घरातलं सामान घालवलंय," असं त्यांनी एकदा मला सांगितलं. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून आजची पोस्ट जरा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आम्ही राहतो ते अबेरिस्टविथ हे वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचं छोटं विद्यापीठाचं गाव. नागपूरहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी हे समजवावं लागतं की वेल्स म्हणजे इंग्लंड नाही, आणि वेल्श म्हणजे इंग्रजीची बोलीही नाही. ती वेगळ्याच, केल्टिक कुळातली भाषा आहे. २०२१ च्या जनगणनेत ती येते असं सांगणारे ५ लाख ३८ हजार लोक होते, म्हणजे वेल्सच्या लोकसंख्येच्या १७.८ टक्के. एकोणिसाव्या शतकात शाळेत वेल्श बोललं की पोराच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे. दुसरा कोणी वेल्श बोलताना सापडला की पाटी त्याच्या गळ्यात. शेवटी ज्याच्याकडे उरेल त्याला छडी. बरेच पालकही म्हणायचे, बरोबर आहे, इंग्रजीशिवाय पोट कसं भरणार? हे वाक्य आपल्याला ओळखीचं आहे.

आता सामान घालवलं त्याची गोष्ट. लानगेनेख नावाच्या खाणकामगारांच्या गावात ट्रेवोर आणि आयलीन बीझली हे नवराबायको राहायचे. तो कोळशाच्या खाणीत, ती शिक्षिका. गावात जवळजवळ सगळे वेल्श बोलणारे, कौन्सिलवर निवडून आलेलेही वेल्श बोलणारे, पण घरपट्टीची मागणी यायची फक्त इंग्रजीत. १९५२ मध्ये या दोघांनी कळवलं, वेल्शमध्ये पाठवा, भरतो. कौन्सिलने पाठवलं नाही, यांनी भरलं नाही. कोर्टाच्या सोळा तारखा झाल्या. जप्तीवाले पुन्हा पुन्हा घरी आले, फर्निचर नेलं, पियानो नेला. घरात लहान मुलं. आठ वर्षांनी, १९६० मध्ये, दोन भाषांतलं बिल आलं आणि त्यांनी ते भरलं.

पैसे भरायला त्यांची ना नव्हती, हे मला या गोष्टीत फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी भाषेचा गौरव वगैरे मागितला नव्हता, मागितला होता एक कागद. कमान उभारा, दिन साजरा करा, पुरस्कार द्या असं म्हटलं असतं तर कौन्सिलने हसत हसत दिलं असतं.

१९६२ च्या फेब्रुवारीत साँडर्स लुइस या लेखकाने रेडिओवर भाषण केलं आणि त्यात बीझली दांपत्याचं उदाहरण देऊन सांगितलं, हाच रस्ता आहे. सरकारी कामकाज वेल्शशिवाय अशक्य करून टाका. त्याच वर्षी तरुण पोरांनी 'कमदेइथास अर याइथ', म्हणजे वेल्श भाषा संघटना, काढली. त्यांचं पहिलं आंदोलन आमच्या गावात झालं, २ फेब्रुवारी १९६३ ला, कडाक्याच्या थंडीत. आंदोलन तसं थोडं फजितीचंच होतं. पोरांना अटक करून घ्यायची होती, कारण समन्स इंग्रजीत आलं की ते नाकारून भांडण सुरू करता येणार होतं. म्हणून त्यांनी पोस्ट ऑफिसवर पोस्टर चिकटवली. पोलीस आले, पाहिलं आणि काहीच केलं नाही. मग त्यातली काही मंडळी ट्रेवेखन पुलावर जाऊन चक्क रस्त्यात बसली. अर्धा तास वाहतूक बंद. गाडीवाले चिडले, शिव्या दिल्या. तरीही अटक नाही ती नाहीच! आज त्या पुलावर फलक आहे आणि मी रोज तिथून बाजाराला जातो. नागपूरच्या सीताबर्डी बाजारातल्या गर्दीची सवय असलेल्या माणसाला तो पूल बघून प्रश्न पडतो की इथे वाहतूक अडवायला एवढी माणसं लागलीच कशाला, दोन सायकली पुरल्या असत्या.

पुढे रस्त्यावरच्या इंग्रजी पाट्यांना हिरवा रंग फासणं सुरू झालं. गायक दाविद इवान दंड भरायला नकार देऊन १९७० मध्ये तुरुंगात गेला, तेव्हा वेल्समधल्याच काही न्यायदंडाधिकाऱ्यांनी वर्गणी काढून त्याचा दंड भरला. न्यायदंडाधिकारी वर्गणी काढतायत, हे चित्रच मजेशीर आहे. मग टीव्हीचा लढा. १९७९ च्या निवडणुकीत वेल्श वाहिनीचं आश्वासन मिळालं, सरकार आलं आणि आश्वासन गेलं. तीन मान्यवर, चांगले प्राध्यापकी पेशातले, रात्री टीव्हीच्या टॉवरच्या आवारात घुसले आणि प्रक्षेपण बंद करून पोलिसांची वाट बघत बसले. लोकांनी टीव्हीची लायसन्स फी भरणं थांबवलं. १९८० मध्ये ग्विनवोर एव्हान्स या ज्येष्ठ नेत्याने आमरण उपोषणाची तारीख जाहीर केली, ६ ऑक्टोबर. थॅचर सरकारने १७ सप्टेंबरलाच माघार घेतली. थॅचरबाईंची माघार ही दुर्मीळ गोष्ट, त्यामुळे इथले म्हातारे ती रंगवून सांगतात. एव्हान्स गांधीजींना मानणारे होते. सेवाग्राम आपल्या घरापासून दीड तासावर आहे असं मी इथे कोणाला सांगितलं की माझा भाव एकदम वाढतो. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाबद्दलही सांगतो, सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा घेऊन जायला बंदी होती म्हणून लोक रोज झेंडा घेऊन जायचे आणि रोज पकडले जायचे. त्यांना ती पद्धत लगेच कळते.

आता सगळं जिंकून झालंय असं समजू नका. २०११ मध्ये वेल्श येणारे १९ टक्के होते, दहा वर्षांत कमी झाले. सरकारचं ध्येय २०५० पर्यंत दहा लाख. किनाऱ्यावरच्या गावांत बाहेरचे श्रीमंत लोक सुटीसाठी घरं घेऊन ठेवतात, भाव चढतात, गावची पोरं वेल्सच्या राजधानीला, कार्डिफला, किंवा लंडनला निघून जातात. म्हणून सध्याचं आंदोलन पाट्यांपेक्षा घरांचं आहे. पाटी कोणाशी बोलत नाही, शेजारी बोलतो. हे इथल्या कार्यकर्त्यांना आता पुरतं उमगलंय.

मला सगळ्यात जास्त शिकवून गेली ती गावातली एक साधी बैठक. दारात एक बाई ट्रे घेऊन उभी, त्यात हेडफोन. ज्यांना वेल्श येत नाही त्यांनी घ्यायचे. बैठक वेल्शमध्ये, मागे बसलेला दुभाष्या हळू आवाजात इंग्रजी करून सांगतो. मी घेतला. माझ्या शेजारी कौन्सिलचे एक साहेब बसले होते, सुटाबुटातले, त्यांनीही घेतला, आणि बटण सापडेना म्हणून माझ्याकडे बघू लागले. दोघांनी मिळून आवाज लावला. समोर एक शेतकरी बिनधास्त आपल्या भाषेत साहेबांना झापत होता आणि साहेब कान दाबून ऐकत होते. यात कोणी कोणाचा अपमान केला नव्हता. फक्त कान देण्याचं काम शेतकऱ्याकडून साहेबांकडे गेलं होतं.

गेल्या डिसेंबरात नागपूरला आलो तेव्हा हे सगळं महाल भागात मामांकडे सांगत होतो. मामा वीज मंडळातून रिटायर झालेले, त्यामुळे त्यांनी बीझलींची गोष्ट कौन्सिलच्या बाजूने ऐकली. "सोळा तारखा? बाप्पा! आमी तं दुसऱ्या नोटिशीले तार कापत होतो." मग म्हणाले, "अन् त्यायले सगळ्यायले इंग्रजी येते ना बे? मंग कायले दोन-दोन भाषेत छापाचं? कागद काय फुकटचा आहे?"

हा प्रश्न कार्डिफमध्येही विचारतात, अगदी याच शब्दांत. सगळ्यांना येते ना? मामांचं मराठीचं प्रेम तसं कडवं आहे. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय आला तेव्हा ते रोज मला लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवायचे, आणि जूनच्या शेवटी सरकारने तो मागे घेतला तेव्हा पेढे. आता नागपूरकराचं हिंदीशी नातं किती गुंत्याचं आहे ते तुम्हाला माहीत आहे. १९५६ पर्यंत आपण हिंदी-मराठी प्रांताची राजधानी होतो. आई गोकुळपेठेच्या बाजारात आजही "भैया, टमाटर कैसे दिये" म्हणते आणि काटोलकडचा भाजीवाला "घ्या ना बाई, ताजे आहेत" म्हणतो. वेल्समध्येही सात जणांत एक इंग्रज आला की सातही जण इंग्रजीत. म्हणून तिथे दुकानातली पोरं छातीवर नारिंगी बिल्ला लावतात, आमच्याशी वेल्शमध्ये सुरुवात करा असं सांगणारा. तर मामा म्हणाले, आपल्यालाही असा बिल्ला पाहिजे.

मी म्हटलं, मामा, आपल्याकडचे वेल्श आपण नाही. महाराष्ट्रात मराठी माणूस कौन्सिलच्या खुर्चीत आहे.

मामांना हे आवडलं नाही. पण हिशेब बघा. २०११ च्या जनगणनेत गोंडी, म्हणजे गोंड आदिवासींची भाषा, मातृभाषा असलेले जवळपास ३० लाख लोक होते, वेल्शच्या पाचपटीहून जास्त. त्याच जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे पंचवीस हजारांच्या आत. संस्कृत संविधानाच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यता दिलेल्या भाषांच्या यादीत आहे, तिचं विद्यापीठ आपल्या रामटेकला आहे, आणि असावंच. गोंडी अनुसूचीत नाही. भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा गोंडी बोलणारे मध्य प्रदेश, महाराष्ट्र, आंध्र, ओडिशा अशा तुकड्यांत वाटले गेले, कुठेच बहुसंख्य नाहीत. आणि आपण ज्या शहरात बसून हे बोलत होतो ते बख्त बुलंद शहा या गोंड राजाने वसवलेलं. मामांच्या घरापासून गोंड राजाचा किल्ला चालत जाण्याच्या अंतरावर आहे. याच नागपुरात मोतीरावण कंगाली यांनी रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळून गोंडी व्याकरणावर, शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलं. सिंधू लिपी गोंडीतून वाचता येते हा त्यांचा दावा मला पटत नाही, पण ऑफिस सुटल्यावर एका माणसाने केलेलं एवढं काम दुसऱ्या भाषेत झालं असतं तर त्याच्या नावाचा चौक झाला असता.

आणि आता मोहगाव. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात. तिथल्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. २०२२ मध्ये शिक्षण विभागाची नोटीस आली, मान्यता नाही, शाळा अनधिकृत. शिक्षण हक्क कायद्यात विनामान्यता शाळेला एक लाखापर्यंत दंड, आणि तरीही चालवली तर रोजचे दहा हजार, अशी तरतूद आहे. त्याच कायद्यात असंही म्हटलंय की शक्य असेल तितपत शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून द्यावं. संविधानाच्या ३५० क कलमात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं सांगितलंय. ग्रामसभा हे घेऊन उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेली. गोंडी शाळेचं प्रकरण, मराठी राज्याच्या खात्याविरुद्ध, इंग्रजीतून चालणाऱ्या कोर्टात. हेडफोन कोणाच्या कानावर आहे ते बघा.

अबेरिस्टविथमध्ये १९३९ साली वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा निघाली तीही खासगी, सात मुलांची. आज आमची पोरगी त्याच गावात वेल्शमधून शिकते, सरकारी खर्चाने, आणि घरी येऊन आमचे उच्चार सुधारते. तिला गोंड राजाच्या शहरातल्या मराठी आईबापांची वेल्श बोलणारी मुलगी म्हणून वर्गात फार मान आहे.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मोर्च्यात पाह्यले होते आमी ते लोक, यशवंत स्टेडियमपासून निघतेत ना अधिवेशनात. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटले अडवतेत. पण मायबाप, रस्ता जाम होते म्हणून आमी तं रामदासपेठेतून काढतो गाडी." मी ट्रेवेखन पुलाचा उल्लेख केला नाही. मामीने केला. ती आत पोळ्या करता करता सगळं ऐकत होती. "अर्ध्या तासाचं जाम होतं न ते," ती म्हणाली, "तुमी तं तेवढ्यात शिव्या देऊन मोकळे होता."

या डिसेंबरात पुन्हा येतोय. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत मोहगावकडे जायचं ठरलंय, अर्थात ग्रामसभेने हो म्हटलं तर. तसं पत्र लिहिलंय. गाडी मामांची, डिझेल माझं. मामींनी आधीच सांगून टाकलंय की पुढच्या सीटवर त्या बसणार.