बाळाचे डोळे चिकटलेत, मॅडम

रात्रीचे अडीच वाजले होते. नेत्रविभागातल्या रेसिडेन्सीचं दुसरं वर्ष, मुंबईतलं एक पालिका रुग्णालय, बाहेर जुलैचा पाऊस. कॅज्युअल्टीत एका वेल्डरच्या बुबुळात रुतलेला लोखंडाचा कण मी सुईच्या टोकाने काढत होते. त्याची हनुवटी डोळा मोठा करून दाखवणाऱ्या स्लिट लॅम्पवर टेकलेली, आणि नेमका फोन वाजला. मावशींनी उचलून रिसीव्हर माझ्या कानाला लावला. बाळंतिणींच्या वॉर्डातून सिस्टर बोलत होत्या.

"बावीस नंबरच्या बाळाचे डोळे चिकटलेत, मॅडम. पू येतोय."

"पुसून घ्या आणि क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम लावा, चार वेळा. सकाळी राउंडला बघते."

दहा सेकंदांचं बोलणं. बाळ किती दिवसांचं आहे, पू किती येतोय, पापण्या सुजल्यात का, यातलं एकही मी विचारलं नाही. या गोष्टीला बारा वर्षं झाली, पण ते वाक्य मला अजून माझ्याच आवाजात ऐकू येतं.

माझा सल्ला एरवी चुकीचा ठरला नसता, हे आधी सांगते. जिवाणूंमुळे डोळे आले की पिवळट-हिरवा पू येतो, सकाळी पापण्या एकमेकींना चिकटतात. बहुतेकांचं हे दुखणं आपलं आपणही बरं होतं. क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या अँटिबायोटिकने ते लवकर आटपतं. मोठ्या माणसाला मी दिवसा थेंब देते आणि मलम रात्री झोपताना, कारण मलमाने काही वेळ धूसर दिसतं आणि आठ-बाराची लोकल पकडणाऱ्याला ते परवडत नाही. तान्ह्या बाळाचं उलट. ते डोळे गच्च मिटून रडतं आणि थेंब अश्रूंबरोबर गालावर येतो. मलम मात्र पेट्रोलियम जेलीसारख्या तेलकट आधारात घोटलेलं असतं. ते पापणीच्या आत रेंगाळतं, औषध हळूहळू सुटत राहतं. बाळाला थोडा वेळ धूसर दिसलं तरी त्याचं काही अडत नाही.

लावायची पद्धतही सोपी आहे, पण ती हातात बसावी लागते. हात साबणाने धुवायचे. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून नाकाकडून कानाकडे पुसायचं, दर वेळी नवा बोळा. खालची पापणी बोटाने हलकेच ओढली की आत एक लालसर खोबण दिसते, तिच्यात तांदळाच्या एक-दोन दाण्यांएवढी रेघ सोडायची. ट्यूबचं टोक ना पापणीला लागू द्यायचं, ना बोटाला. आमच्या वॉर्डात तेव्हा क्लोरॅम्फेनिकॉलच्या इवल्याशा कॅप्सूल असत: टोक कापायचं, एका बाळाला एकदा वापरायची, फेकून द्यायची. एकाची घाण दुसऱ्याच्या डोळ्यात जायला वावच नाही. मला ती व्यवस्था फार आवडायची.

सिस्टरांनी हे सगळं बिनचूक केलं होतं. सकाळी साडेआठला मी वॉर्डात गेले तेव्हा त्यांची नोंद वाचली. तीन वाजता मलम लावले. सव्वातीनला पुन्हा पू, पुसले. पावणेचारला पुन्हा पू. साडेचारला पुन्हा. पापण्यांना सूज वाढली आहे. मलम टिकतच नव्हतं, पू त्याला बाहेर ढकलत होता. "परत फोन का नाही केलात?" असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण सकाळी बघते असं मीच सांगितलं होतं. मी गप्प बसले.

बाळ तिसऱ्या दिवसाचं. बाळंतपण नॉर्मल, बाळाला थोडी कावीळ म्हणून घरी सोडलं नव्हतं. दोन्ही पापण्या लालजांभळ्या आणि टम्म, वरची पापणी खालच्या पापणीवर चढलेली. ओला कापूस फिरवून मी उजवा डोळा उघडायला गेले, आणि पुवाची चिळकांडी उडून माझ्या चष्म्यावर आली. पुस्तकात हे वाक्य असतं: अशा बाळाचा डोळा उघडताना स्वतःचे डोळे झाका. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं. डोळ्यांनी पहिल्यांदा पाहत होते.

गोनोकॉकस. परमा या लैंगिक आजाराचा जंतू. आईच्या जननमार्गात तो असला तर जन्मताना बाळाच्या डोळ्यांत उतरतो आणि साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात असा पू येतो. बहुतेक जंतूंना बुबुळात शिरायला आधी एखादा ओरखडा लागतो. याला लागत नाही, धडधाकट बुबुळातूनही तो आत घुसतो. एक-दोन दिवसांत बुबुळाला भोक पडू शकतं, म्हणजे डोळाच गेला. अडीच ते साडेआठ, सहा तास मी मोजले.

फ्लोरेसिनच्या रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिलं, जखम असेल तिथे तो रंग हिरवा चमकतो. डावं बुबुळ काचेसारखं स्वच्छ. उजव्याच्या खालच्या कडेला मोहरीएवढा हिरवा ठिपका चमकला आणि त्याभोवती किंचित धूसरपणा. भोक नव्हतं.

स्लाइड आणि स्वॅब घेऊन मी स्वतःच मायक्रोबायोलॉजीत गेले. हा जंतू शरीराबाहेर फार नाजूक असतो, स्वॅब टेबलावर पडून राहिला तर लॅबमध्ये वाढतच नाही. त्याला वाढायला लागतं चॉकलेट अगार नावाचं खाद्य. त्यात चॉकलेट नसतं, तापवलेल्या रक्ताचा तो रंग. अगारवरचं उत्तर यायला वेळ होता, पण स्लाइडवर जंतू रंगवून दाखवणाऱ्या ग्रॅम स्टेनने तिथल्या तिथे सांगितलं. पूपेशींच्या पोटात गुलाबी दाण्यांच्या जोड्या, घेवड्याचे दोन दाणे पोटाला पोट लावून ठेवावेत तशा.

इथे मलम पुरत नाही. ते कितीही चांगलं असो, कितीही नीट लावलेलं असो. हा जंतू डोळ्यापुरता राहीलच असं नाही, रक्तातून सांध्यांत, मेंदूच्या आवरणातही जाऊ शकतो. म्हणून इंजेक्शन द्यावंच लागतं. नेहमीचं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन काविळीच्या नवजात बाळाला देत नाहीत, कारण ते रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, सुटं करतं. बालरोगाच्या डॉक्टरांनी सेफोटॅक्सिम दिलं. आणि आमच्याकडे आलं ते सगळ्यात साधं काम: दर तासाला सलाइनने डोळे धुणं, पू थांबेपर्यंत.

बाळाला वेगळ्या खोलीत हलवलं. तिथे भेटल्या आजी. मूळच्या कराडकडच्या, आता लेकाकडे भांडुपच्या टेकडीवर. पदराच्या गाठीत काजळाची डबी होती, घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ.

"दृष्ट लागली वो बाई. काजळ घालू का?"

"डोळ्यात नाही, आजी. गालावर तीट लावा, कपाळावर लावा. डोळ्याच्या आत फक्त हे पाणी आणि आम्ही देऊ ते औषध."

त्यांनी डबी परत गाठीत बांधली आणि विचारलं, "पाणी मी घालू?" सिस्टर एक आणि खाटा चाळीस. मी त्यांना हात धुवायला शिकवलं, कोपरापर्यंत. बाळाला कुशीवर कसं धरायचं ते दाखवलं, म्हणजे एका डोळ्याचं पाणी दुसऱ्यात जात नाही. पहिले दोन तास मी शेजारी उभी राहिले. त्यानंतर गरज पडली नाही. मोबाइल त्यांना वापरता येत नव्हता, घड्याळ वाचता येत होतं. रात्री मी डोकावले की त्या त्याच जागी असायच्या, तासाच्या काट्याकडे बघत.

शेजारच्या खाटेवरच्या आईनेही आपलं बाळ पुढे केलं. त्याचाही डोळा चिकटत होता, एकच, आणि पापणी मुळीच सुजलेली नाही. अश्रूंची नळी नाकाकडे अजून उघडली नव्हती, इतकंच. नाकाच्या मुळाशी बोटाने खाली मालीश करायला शिकवलं. तिला इंजेक्शन हवं होतं. ते का नको हे समजवायला जास्त वेळ गेला.

सगळ्यात अवघड काम दुपारी होतं. बाळाच्या आईला सांगायचं होतं. एकवीस वर्षांची मुलगी. तिला काहीच त्रास नव्हता, बायकांना या आजारात पुष्कळदा काही जाणवतच नाही. आजींना चहा प्यायला पाठवलं, पडदा ओढला. "हा जंतू तुझ्याकडून बाळाला गेलाय. तुला तो नवऱ्याकडून आला असण्याची शक्यता जास्त आहे. औषध दोघांनीही घ्यायचं, नाहीतर तो परत येईल." तिने बराच वेळ बाळाच्या दुपट्याची घडी घातली, मोडली, परत घातली. मग एवढंच म्हणाली, "मॅडम, त्यांना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर घरात वेगळंच होईल."

नवरा रात्री वाशीच्या मार्केटमध्ये भाजीचा टेम्पो नेणारा. दुसऱ्या दिवशी आला, खाली मान घालून ऐकत राहिला. कोणाचं चुकलं हा शब्द मी काढला नाही. तो माझा विषयही नव्हता, आणि काढला असता तर तो माणूस परत आला नसता. मी फक्त बाळाचा उजवा डोळा त्याला टॉर्चने दाखवला. त्याने विचारलं, "दिसेल ना त्याला?" मी म्हणाले, बहुतेक दिसेल. मग त्या दोघांना खाली लैंगिक आजारांच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये स्वतः सोडून आले. तिथे तपासणी झाली आणि दोघांनाही करड्या रंगाचा किट मिळाला: अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्सिम.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी मी आमच्या युनिटच्या मॅडमकडे गेले होते आणि अडीचच्या फोनचं सांगितलं. न पाहता मलम सांगितलं, सहा तास गेले. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला क्रेडेचं सांगितलं. जर्मनीतल्या लाइपझिगच्या प्रसूतिगृहात दर दहा बाळांत साधारण एकाचे डोळे असे यायचे. तिथले डॉक्टर कार्ल क्रेडे यांनी जन्मल्याबरोबर प्रत्येक बाळाच्या डोळ्यात सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा थेंब घालायला सुरुवात केली आणि 1881 मध्ये ते प्रसिद्ध केलं. प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आलं. पुढे कित्येक देशांत त्या थेंबाची जागा एरिथ्रोमायसिनच्या किंवा टेट्रासायक्लिनच्या मलमाने घेतली. "तेच मलम जन्मल्याबरोबर लावलं तर डोळा वाचवतं," मॅडम म्हणाल्या, "आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या भरवशावर राहिलं तर डोळा जातो. तू वेळ बघितली नाहीस." मग त्यांनी बालरोगाला फोन लावून क्लॅमिडियाचाही विचार केलात का म्हणून खात्री केली. हे दोन जंतू पुष्कळदा जोडीने येतात, आणि क्लॅमिडियालाही नुसतं मलम पुरत नाही. त्यासाठी बाळाला चौदा दिवसांचं एरिथ्रोमायसिनचं सिरप सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पू थांबला. चौथ्या दिवशी बाळाने डोळे उघडले. बुबुळावरचा ठिपका भरून यायचा होता म्हणून घरी जाताना मी मलमाची ट्यूब दिली. ट्यूबवर पेनाने उघडल्याची तारीख घातली: महिन्याभरात टाकून द्या, दुसऱ्या कोणालाही लावू नका. आजींकडून तीन वेळा लावून घेतलं. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका होता.

हे "दुसऱ्या कोणाला नको" मी आज क्लिनिकमध्येही रोज सांगते. घराघरांतल्या फ्रिजच्या दारात अशी एक अर्धी ट्यूब असतेच. कधी ती त्वचेची निघते. कधी तिच्यात डेक्सामेथासोन असतं, म्हणजे स्टिरॉइड. त्याने लाली दोन दिवसांत उतरते, माणूस खूश होतो, आणि आत हर्पीस नावाच्या विषाणूची किंवा बुरशीची जखम असेल तर ती फोफावते. अशी फुलं पडलेली बुबुळं मी पाहिली आहेत. ट्यूब सांगणारा जवळपास नेहमीच कोणीतरी प्रेमाचा माणूस असतो, आणि त्याने डोळा नीट पाहिलेला नसतो. मीही त्या रात्री पाहिला नव्हता.

दीड महिन्याने आजी बाळाला घेऊन ओपीडीत आल्या. उजव्या बुबुळाच्या खालच्या कडेला धुक्यासारखा एक पातळ डाग राहिला होता, बाहुलीपासून लांब. टॉर्च डावीकडे नेला, बाळाचे डोळे डावीकडे गेले. उजवीकडे नेला, उजवीकडे. मी दोनदा करून पाहिलं. खरं तर चारदा.

आजींनी पिशवीतून ट्यूब काढली, शेपटाकडून नीट गुंडाळत आणलेली, अर्धी शिल्लक.

"शेजारीण मागत होती. तिच्या नातवाचे डोळे आल्यात. मी दिली न्हाय. म्हटलं, आधी बाईंनी बघू द्या."

"मग त्याला घेऊन या ना, आजी."

"आणलाय की. भाईर बाकावर बसवलाय."

सात-आठ वर्षांचा पोरगा आत आला, शाळेच्या गणवेशात, दोन्ही डोळे लालभडक. मी त्याची खालची पापणी ओढली. पू नव्हता, नुसतं पाणी. बुबुळं स्वच्छ होती. कानापुढे बोट फिरवलं तर शेंगदाण्याएवढी गाठ लागली. विषाणूचं होतं, गार पाण्याच्या पट्ट्या, वेगळा टॉवेल आणि घरी आराम. आजींच्या ट्यूबचं झाकण लावून मी ती बादलीत टाकली.