एदिर्नेत आधी काय पाहावं?

तुर्कस्तानातलं हे शहर म्हणजे इस्तंबूलच्या आधीची उस्मानी (ऑटोमन) राजधानी. सुरुवात एस्की जामी या मशिदीपासून (1414) करा. भिंतींवरची माणसाहून उंच अक्षरं जवळून बघा. शेजारच्या उच शेरेफेली मशिदीच्या (1447) एका मिनाराला तीन सज्जे आणि प्रत्येकाला स्वतंत्र जिना आहे. मशिदींपैकी सेलिमिये शेवटी ठेवा: वास्तुकार सिनानचा सुमारे 31 मीटर व्यासाचा घुमट आठ खांबांवर तोललाय. बरेचजण घुमटच बघत राहतात आणि मुअज्जिनांच्या (अजान देणाऱ्यांच्या) चौथऱ्याखालचं, संगमरवरी खांबावरचं उलटं ट्यूलिप राहून जातं. ते इवलंसं आहे, वाकून शोधा. शुक्रवारची दुपार टाळा, बायकांनी ओढणी न्यावी. तुंजा नदीपलीकडचं सुलतान दुसऱ्या बायझिदचं रुग्णालय (1488) मात्र चुकवू नकाच. तिथे मनोरुग्णांवर संगीताने उपचार होत.