रोममधले कोरीव आकडे

रोममध्ये मान सतत वर. घुमट आणि पुतळ्यांसाठी तर असतेच, पण माझी मान अवघडली ती आकड्यांपायी. इथे ज्याने काही बांधलं त्याने साल कोरून ठेवलंय, तेही रोमन आकड्यांत, म्हणजे अक्षरांनी.

ट्रेव्ही कारंज्यापाशी सगळे पाण्यात नाणी टाकण्यात गुंग. वर पोप बारावे क्लेमेंट यांचा शिलालेख, शेवटच्या ओळीत साल: एम, डी, सी, सी, एक्स, एक्स, एक्स, व्ही. डावीकडून सुटं करत जायचं. एम १०००, डी ५००, दोन सी २००, तीन एक्स ३०, व्ही ५. झाले १७३५. (कारंजं पुरं झालं १७६२ मध्ये, तोवर हे पोप हयातही नव्हते!) मोठ्यामागून लहान अक्षर आलं की बेरीज, लहान आधी आलं की वजाबाकी. एक्सआधी आय म्हणजे ९. वजा करायला आय, एक्स आणि सी एवढेच चालतात, तेही पाचपट किंवा दहापट मोठ्यातूनच. म्हणून ९९ लिहिताना सीआधी आय ठेवून भागत नाही. आधी ९०, मग ९: एक्स, सी, आय, एक्स.

कोलोसियमने हा शहाणपणा उतरवला. उत्तरेकडच्या शाबूत भिंतीत कमानींवर २३ ते ५४ हे प्रवेशद्वारांचे क्रमांक अजून दिसतात. ४४ क्रमांकाखाली मी बराच वेळ रेंगाळले. एक्स, एल (म्हणजे ५०) आणि पुढे चक्क चार आय! ४० वजाबाकीने, ४ बेरजेने, एकाच आकड्यात. शाळेत यावर लाल रेघ आली असती, पण कोरणारे खुद्द रोमन. नियम घट्ट झाले ते फार नंतर. घड्याळांच्या तबकड्यांवर चार आय आजही सर्रास असतात.

पँथिऑन या प्राचीन मंदिरावर वेगळीच गंमत. सुरुवातीचा एम हजाराचा नाहीच, तो मार्कस अग्रिप्पाचा. पुढचा एल त्याच्या वडिलांच्या नावाचा, लुसियसचा. अग्रिप्पा तिसऱ्यांदा कॉन्सल (प्राचीन रोमचा सर्वोच्च निर्वाचित अधिकारी) झाला होता, तर तिथे ‘तिसऱ्यांदा’ हा अख्खा शब्दच कोरलाय. सेंट पीटर्सच्या दर्शनी भागावर तर व्ही दोन कामं करतो: ‘पाउलुस’ या नावात ‘उ’चं आणि नावापुढे एकटा उभा राहून ‘पाचवे’चं. साल १६१२, लगेच पुढे ७, म्हणजे या पोप पाचवे पॉल यांच्या पोपपदाचं सातवं वर्ष. अक्षर की आकडा, हे आधी ठरवावं आणि मगच बेरजेला लागावं.

रस्ताही सुटलेला नाही. एका मोठ्या रस्त्याच्या नावात नुसते दोन एक्स आणि पुढे ‘सेत्तेम्ब्रे’. तोंडाने म्हणायचं ‘वेंती सेत्तेम्ब्रे’, २० सप्टेंबर. १८७० साली त्या दिवशी इटलीचं सैन्य रोममध्ये शिरलं. पाटीवर साल नाही आणि बरंच आहे. एम, डी, तीन सी, एल, दोन एक्स अशी आठ अक्षरं आणखी मावायची कुठे?