वाटामू: आधी भरती-ओहोटी पाहा, मग बाकीचं ठरवा

केनियाच्या किनाऱ्यावरचं वाटामू आम्ही निवडलं, कारण प्रवाळ, जंगल आणि जुन्या शहराचे अवशेष ही तिन्ही ठिकाणं गावापासून टुकटुकच्या अंतरावर आहेत. नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचे वारे असतात, त्यांना तिकडे ‘कास्काझी’ म्हणतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरची गलबतं पूर्वी याच वाऱ्यावर आफ्रिकेला जायची. आम्हीही तोच मोसम धरला.

जानेवारी २०२४ पासून व्हिसा लागत नाही, त्याऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी, ऑनलाइन काढायची. त्यात विशेष काही नाही. खरी धावपळ पीतज्वराच्या लशीची. ती सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. एका कुपीत अनेक डोस असल्याने आमच्या केंद्रावर ठरावीक वारीच लस देत होते. म्हणून विमानाच्या तिकिटाआधी लशीची तारीख घ्या. लस घेतल्याचं पिवळं कार्ड आयुष्यभर चालतं, पण ते नसेल तर केनियाहून परतल्यावर विलगीकरणात बसवू शकतात. आणखी एक, केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर कडक बंदी आहे. चपला एका पिशवीत, ओले कपडे दुसरीत, ही आपली सवय घरीच सोडून निघायचं.

नैरोबीहून मोम्बासाला रेल्वेने गेलो. ही गाडी त्सावोच्या अभयारण्यातून जाते आणि तिथल्या मातीत लोळून लाल झालेले हत्ती खिडकीतून दिसले, तेव्हा अख्खा डबा एका बाजूला जमा झाला. मोम्बासाचं स्टेशन शहराबाहेर आहे. पुढे किलिफीमार्गे मतातूने, म्हणजे तिकडच्या वडापच्या मिनीबसने, गेडेचा फाटा आणि तिथून टुकटुक.

वाटामूत घड्याळ उपयोगाचं नाही. आमच्या बोटवाल्याने तारीख ऐकून लगेच चंद्र कितवा ते विचारलं. कोकणात तिथीवरून भरती-ओहोटी सांगतात, तोच हिशेब. अमावास्या-पौर्णिमेला इथलं पाणी तीन मीटरहून जास्त चढतं-उतरतं. उतरलं की किनाऱ्याजवळच्या बेटांपर्यंत चालत जाता येतं आणि प्रवाळाच्या बागेवर तोंड पाण्यात घालून तरंगायला हीच वेळ चांगली. भरतीत तेच प्रवाळ खोल जातं, वर नुसतं निळं पाणी. ‘सकाळी नऊची ट्रिप’ विकणाऱ्यापेक्षा आधी ओहोटीची वेळ सांगणारा बोटवाला गाठा. हा समुद्र १९६८ पासून संरक्षित आहे. प्रवेशशुल्क आधीच ऑनलाइन भरलेलं बरं. प्रवाळावर पाय टेकवायचा नाही, हे बोटीत दोनदा बजावतात आणि ते योग्यच आहे. १९९८ मध्ये पाणी तापून या किनाऱ्यावरचं बरंचसं प्रवाळ पांढरं पडून मेलं होतं. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचा शर्ट घाला, पाठही वाचते.

भरतीच्या वेळात गेडे पाहायचं. जंगलात हरवलेलं हे स्वाहिली शहर सतराव्या शतकापर्यंत ओस पडलं. मशीद, राजवाडा, घरं, सगळं प्रवाळी दगडाचं. सकाळी ज्याला बोटही लावू दिलं नव्हतं, त्याच्याच भिंतींना टेकून दुपारी आम्ही उभे होतो. उत्खननात जे सापडलं त्यावरून घरांना नावं दिली आहेत: कात्रीचं घर, चिनी नाण्याचं घर, लोखंडी दिव्याचं घर. हा दिवा भारतातून आलेला. एका थडग्यावर हिजरी सन कोरलेलं आहे, ते म्हणजे इसवी सन १३९९. शहर का सोडलं यावर मतं अनेक, त्यातलं एक पाण्याचं. विहिरी आटत गेल्या म्हणे. मोठ्या मशिदीजवळची खोल विहीर पाहिल्यावर मला तरी ते पटलं. २०२४ मध्ये गेडे जागतिक वारसा यादीत आलं. माकडं मात्र जुनीच आहेत, पिशवीकडे लक्ष ठेवा.

शेजारच्या अराबुको-सोकोके जंगलात सोनेरी पार्श्वभागाचा सेंगी नावाचा छोटा प्राणी राहतो. लांब नाकाचा, दिसायला चिचुंद्रीसारखा, पण नात्याने हत्तीला जवळचा. आम्हाला पाचोळ्यात एक पिवळी झेप दिसली, तेवढीच. सोकोकेचं छोटं घुबड मात्र गाइडने दिवसाढवळ्या झुडपात दाखवलं. त्याने बोट रोखूनही आम्हाला ते वाळकं पानच वाटत होतं. तेव्हा इथे गाइड हवाच, आणि त्याला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवायचं, कारण ही मंडळी उजाडायच्या आत निघतात.